उपग्रह रेडिओ टिकेल, पण गाण्यांच्या जोरावर नाही

स्ट्रीमिंग आलं आणि उपग्रह रेडिओ संपला, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तारखा मात्र वेगळं सांगतात. भारतात वर्गणी घेऊन उपग्रह रेडिओ ऐकवणाऱ्या वर्ल्डस्पेसची मूळ कंपनी ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीत गेली आणि भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ला थांबली. डेटा स्वस्त करणारं जिओ आलं सप्टेंबर २०१६मध्ये. मधे पावणेसात वर्षं गेली. तेव्हा मारेकरी दुसराच कुणीतरी होता.

वर्ल्डस्पेसचा एशियास्टार उपग्रह २०००च्या मार्चमध्ये आकाशात गेला आणि १०५ अंश पूर्व रेखांशावर बसला. पुण्याहून पाहिलं तर तो पूर्व आणि आग्नेयेच्या मधोमध, क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर येतो. ज्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला, त्याला गच्चीपर्यंत केबल ओढण्यावाचून इलाज नव्हता. अँटेना वहीच्या पुठ्ठ्याएवढा, चपटा. समोर शेजारची इमारत, आंब्याचं झाड किंवा धातूचा थर दिलेली काच आली की आवाज तुटलाच. पावसाचा मात्र त्रास नव्हता. दीड गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना सरी फारशा अडवत नाहीत. कोकणातल्या जुलैत डिश टीव्ही गप्प व्हायचा, तेव्हाही वर्ल्डस्पेसच्या गांधर्व वाहिनीवरचा ख्याल चालू राहायचा.

खरी अडचण ही की तो सेट टेबलावर ठेवूनच ऐकायचा. चालत्या गाडीत ऐकायचं तर शहरांत जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा पाठवणारे मनोरे, हवेत. दूरसंचार नियामक ट्रायने उपग्रह रेडिओबद्दल २००५मध्ये शिफारशी केल्या, पण भारतात रिपीटरचं जाळं काही उभं राहिलं नाही. घरात बसून ऐकणाऱ्याकडे टेप, सीडी, टीव्ही, सगळंच हाताशी असतं. त्याने वर्गणी का भरत राहावं? गाडी चालवणाऱ्याचे हात आणि डोळे अडकलेले असतात, कान तेवढे मोकळे.

अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या दोन उपग्रह रेडिओ सेवा अनुक्रमे २००१ आणि २००२मध्ये सुरू झाल्या. दोघांनीही पहिल्यापासून गाडीच धरली. प्रत्येकाला २.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १२.५ मेगाहर्ट्झ मिळाले होते. एक्सएमने त्यात तोच कार्यक्रम तीनदा पाठवला: दोन उपग्रहांवरून आणि शहरातल्या रिपीटरवरून. शिवाय एका उपग्रहाचं प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवलं. समजा हा फरक ४ सेकंदांचा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात १११ मीटर जाते. पुलाखाली एक सिग्नल गेला, तर गेलेला तुकडा दुसऱ्या सिग्नलमधून भरून निघतो आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. अभियांत्रिकी म्हणून हे फार देखणं आहे.

किंमत मोजली ती आवाजाने. तीनदा पाठवल्यावर एक्सएमकडे खऱ्या मजकुरासाठी उरले सेकंदाला जेमतेम ४ मेगाबिट. ते शंभरेक वाहिन्यांत वाटा, वाहिनीला सरासरी ४० किलोबिट येतात. स्पॉटिफायची वरची नेहमीची पातळी ३२० किलोबिटची. झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटतो, ही तक्रार अगदी खरी आहे आणि स्पीकर बदलून ती जात नाही. त्यामुळे निव्वळ गाण्यांसाठी उपग्रह रेडिओ घ्या, असं कुणालाही सांगवत नाही.

तरीही २००८मध्ये एकत्र आलेल्या सिरियसएक्सएमचे वर्गणीदार आज तीन कोटींहून जास्त आहेत. याचं उत्तर हिशोबाच्या वहीत आहे. उपग्रहाला एक ऐकणारा काय आणि कोट्यवधी काय, प्रक्षेपणाचा खर्च तोच. स्ट्रीमिंगला प्रत्येक कानासाठी वेगळा डेटा लागतो. १६० किलोबिटने तासाला सुमारे ७२ मेगाबाइट. दुसरी बाजू मानधनाची. ध्वनिमुद्रणांसाठी सिरियसएक्सएमच्या उपग्रह सेवेचा कायद्याने ठरलेला दर २०१८पासून ढोबळ उत्पन्नाच्या १५.५ टक्के आहे आणि तो २०२७पर्यंत चालणार आहे. हवं ते गाणं हव्या त्या क्षणी देणाऱ्या सेवांना कंपन्यांशी करार करावे लागतात. स्पॉटिफायच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग हक्कधारकांकडे जातो. म्हणून माझी नजर उपग्रहांपेक्षा २०२७नंतरच्या दराकडे आहे. तो चढला, तर निवेदक, खेळ आणि गप्पा वाढतील, गाणी मागे सरतील. २००६मध्ये सिरियसने हॉवर्ड स्टर्न या गाजलेल्या निवेदकाला आणलं तेव्हाच तिला हे उमगलेलं होतं.

उपग्रहांचा जुगारही आहेच. सिरियसएक्सएमचा एसएक्सएम-७ उपग्रह डिसेंबर २०२०मध्ये आकाशात गेला आणि काही आठवड्यांत, चाचण्यांतच निकामी ठरला. जुने उपग्रह अजून काम करत होते म्हणून श्रोत्यांना काही कळलं नाही. पुढे २०२१मध्ये ८, २०२४मध्ये ९ आणि २०२५मध्ये १० क्रमांकाचा गेला. पंधरा वर्षांच्या आयुष्याचे उपग्रह आत्ता पाठवणारी कंपनी उद्या आकाश सोडून जात नसते.

मधला रस्ता म्हणजे २०१८पासून गाड्यांत येऊ लागलेलं सिरियसएक्सएमचं ३६०एल. सगळ्यांसाठी सारखं ते उपग्रहावरून, आपल्या आवडीचं ते गाडीतल्या मोडेमवरून. माझ्या मते भवितव्य हेच आहे, फक्त त्याची दुखरी जागा मोडेम आहे. अमेरिकेतली ३जी जाळी २०२२मध्ये बंद झाली, तेव्हा कित्येक चांगल्या गाड्यांचं इंटरनेट कायमचं गेलं. छतावरच्या अँटेनाचं काही बिघडलं नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी जुनी गाडी घेताना एवढं बघावं. फक्त १ क्रमांकाची वाहिनी लागते आणि बाकी बंद, तर सेट ठीक आहे, वर्गणी नाही. चॅनल ० लावून बहुतेक सेटांवर रेडिओचा क्रमांक मिळतो. वर्गणी भरल्यावर तो देऊन कंपनीकडून सिग्नल ताजा करून घ्यायचा. त्या वेळी गाडी उघड्या आकाशाखाली, सेट चालू आणि काही मिनिटं धीर. गॅरेजमध्ये उभं राहून केलं की होत नाही, आणि मग लोक सेट बदलायला निघतात. ‘चेक अँटेना’ असा संदेश आला तर दोष आकाशाचा नाही: केबल तुटलीय, दाबली गेलीय किंवा छताशी जोड सैल झालाय. सिग्नल शोधत राहतो, तर वर बघा. सामानाचा कठडा, ओल्या बर्फाचा थर, झाड.

इकडे, महाराष्ट्रात, उपग्रहावरून रेडिओ आजही फुकट येतो, फक्त त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही. डीडी फ्री डिशवर मराठीसह आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या आहेत. त्यांचा उपग्रह, जीसॅट-१५, पुण्याहून जवळजवळ आग्नेयेला, ५९ अंश वर. घरोघरी असते ती ऑफसेट डिश त्यापेक्षा वीसेक अंशांनी उभी दिसते, म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने ती आभाळाकडे वळवू नका. सिग्नलचा पट्टा बघतच नट आवळा. बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरला जोडा आणि रिमोटवरून रेडिओ निवडा. एकदा वाहिनी लागली की टीव्ही बंद केला तरी चालतो. हा सिग्नल मात्र डिश टीव्हीच्याच केयू बँडचा, मुसळधार पावसात जाणारच. तेव्हा फोनवरचं आकाशवाणीचं ॲप लावावं.

जुन्या बाजारात वर्ल्डस्पेसचे सेट अजून दिसतात आणि विकणारा ‘अँटेना लावला की चालतो’ म्हणतो. चालणार नाही, वर सेवाच उरलेली नाही. एफएम असलेलं मॉडेल असेल आणि स्पीकर फाटलेला नसेल, तर साध्या रेडिओच्या भावात घ्यायला हरकत नाही.