अंगठ्याचे पांढरे नख

पुण्यात मी अठरा वर्षे टेबल टेनिस शिकवते आहे. ब्लॉक, म्हणजे समोरच्याच्या वेगावरच चेंडू बॅटने अडवून परतवणे, या फटक्याविषयी मला आज जे कळते, त्यातला मोठा भाग मी एका पावसाळी रविवारी, पंधरा वर्षांखालील मुलींच्या जिल्हास्तरीय स्पर्धेतल्या एका सामन्यात शिकले. माझी विद्यार्थिनी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिची सर्व्हिस चांगली होती, पायही वेळेवर हलत. अडचण होती ती फक्त बॅकहँड ब्लॉकची. समोरून जोरकस टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरत येणारा चेंडू, आला की तिचा ब्लॉक उडून टेबलाच्या पलीकडे जाऊन पडे.

चार महिने मी या दुखण्यावर एकच औषध देत होते, ते म्हणजे बॅटचा कोन. "अजून क्लोज कर," म्हणजे बॅट टेबलाकडे अजून झुकव, असे मी सांगे आणि ती ऐके. मग पुढचा हलक्या फिरकीचा चेंडू नेटमध्ये जाई. "आता थोडी उघड," असे म्हटले की त्यापुढचा पुन्हा बाहेर. कोन सुधारूनही फटका सुधारत नाही, तेव्हा दोष कोनात नसावा, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

त्या दिवशी हॉलमध्ये पावसाळी दमटपणा भरून राहिला होता. अशा हवेत रबरावर ओलसर थर धरतो, चेंडू निसटल्यासारखा वाटतो आणि हँडल घामाने बुळबुळीत होते. खेळाडू दर काही गुणांनी हात पुसत राहतात. समोरची मुलगी दोन प्रकारचे लूप, म्हणजे टॉपस्पिनचे फटके, मारत होती. एक संथ, पण भरपूर फिरकीचा, जो रबराला लागताच वर उसळतो. दुसरा वेगवान आणि कमी फिरकीचा. माझ्या विद्यार्थिनीने दोन्हींना एकच उत्तर दिले. पहिला गेम ५-११, दुसरा ६-११.

दोन गेमच्या मध्ये एक मिनिट मिळते. ती माझ्यासमोर उभी राहून डाव्या हाताने पाणी पीत होती आणि मी पुन्हा कोनाविषयीच बोलायला सुरुवात केली होती. बोलता बोलता माझे लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेले. खेळ थांबलेला, बॅट खाली लोंबती असायला हवी. पण तिच्या अंगठ्याचे नख टोकापर्यंत पांढरेफटक पडले होते. मी तिच्या हातातून बॅट काढून घ्यायला गेले, तर ती सहज निघेना. निघाली तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात हँडलच्या कडेची लाल रेघ उमटलेली दिसली.

"अगं, इतकी आवळून का धरतेस?" मी विचारले.

"ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, बॅट हातात हलता कामा नये."

ते खरे होते. सहा महिन्यांपूर्वी सरावात स्मॅश मारताना तिच्या हातातून बॅट निसटली होती आणि मी जरा चढ्या आवाजातच तिला तसे बजावले होते. त्या एका दिवसापुरती असलेली सूचना तिने इमानाने प्रत्येक फटक्याला लावली. माझे शब्द माझ्याच विद्यार्थिनीच्या हातात इतके दिवस रुतून बसले होते आणि मी मात्र तिच्या मनगटाचा कोन मोजत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

शेकहँड, म्हणजे हस्तांदोलनासारख्या पकडीत अंगठा फोरहँडच्या बाजूला असतो, तर्जनी बॅकहँड रबराच्या खालच्या कडेने टेकलेली असते आणि उरलेली तीन बोटे हँडलभोवती असतात. बॅकहँड ब्लॉकमध्ये अंगठा मागून आधार देतो, म्हणून तो थोडा दाबलेला असणे स्वाभाविकच आहे. पण ती तीन बोटेही आवळली की पंजापासून कोपरापर्यंतचे सगळे स्नायू एकदम ताठरतात, मनगट जखडते आणि येणाऱ्या चेंडूच्या फिरकीप्रमाणे कोनात जो बारीक बदल करायचा, तो करायला हात मोकळाच राहत नाही. शिवाय ताठर हात चेंडू भेटायच्या क्षणी नकळत पुढे ढकलला जातो. ब्लॉकमध्ये वेग समोरच्याचाच असतो. त्यात आपला भर पडला की चेंडू टेबल सोडतो. चेंडूचे वजन अवघे २.७ ग्रॅम आणि रबराशी त्याची भेट सुमारे एक सहस्रांश सेकंदाची. तेवढ्या वेळात मेंदूकडून बोटांना कसलाही निरोप पोहोचू शकत नाही. त्यामुळे पकड किती असावी, हे चेंडू येण्याआधीच ठरलेले असावे लागते.

एवढे सांगायला तेव्हा वेळ कुठला! मी फक्त म्हटले, "शेवटची तीन बोटं सैल सोड. चेंडू आला की बॅट किंचित मागे जाऊ दे."

तिसऱ्या गेमच्या सुरुवातीलाच त्याचा परिणाम दिसला. संथ लूपवरचा तिचा ब्लॉक नेटपलीकडे जवळच पडला आणि समोरच्या मुलीला पुढे धावावे लागले. आवाजसुद्धा बदलला होता. आधीच्या कोरड्या 'टक्'ऐवजी एक दबलेला, मऊ आवाज आला. पण मग वेगवान चेंडू आला, बॅटच्या मधोमध न लागता टोकाकडे लागला, सैल हातात बॅट फिरली आणि चेंडू सरळ खाली पडला. असे लागोपाठ दोनदा झाले. 'सैल' हा माझा शब्दही अपुराच होता. संथ फिरकीला मऊ हात लागतो, वेगवान चेंडूला बॅट स्थिर ठेवण्यापुरती पकड लागते, आणि ही निवड दर चेंडूला नव्याने करावी लागते. १९९२ साली बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या यान-ओव्हे वाल्डनरचे ब्लॉक पाहणाऱ्यांना हे लगेच उमजेल. त्याच्या हाताची हालचाल तशीच दिसे, चेंडू मात्र कधी नेटजवळ मरून पडे, कधी शेवटच्या रेषेपर्यंत जाई.

तिने तो गेम १२-१० असा काढला. चौथा ९-११ असा गेला आणि सामनाही गेला. शेवटच्या गुणाच्या वेळी तिचे नख पुन्हा पांढरे झाले होते; सहा महिन्यांची सवय एका मिनिटात जाणार नव्हती.

पुढच्या आठवड्यापासून मी कोनाविषयी बोलणे थांबवले. तिची बॅट उभी केली, हात एका जागी ठेवायला लावला, आणि माझ्या बाजूला नेटजवळ घडी घातलेला एक रुमाल ठेवला. एक ब्लॉक रुमालावर, पुढचा शेवटच्या रेषेजवळ. कोन तोच, हालचाल तीच, बदलायचा तो फक्त बोटांचा दाब. पहिल्या दिवशी रुमालावरच्या वीस प्रयत्नांपैकी दोनच साधले. दाबाला आम्ही एक ते दहा असे आकडे दिले. "तीनवर ये," असे मी ओरडे आणि तिला ते "हात सैल कर" यापेक्षा नेमके कळे. दर दहा चेंडूंनंतर मी टेबलाला वळसा घालून जाई आणि दोन बोटांनी तिची बॅट ओढून पाही. सुरुवातीला ती दगडात रोवल्यासारखी असे, मग काही दिवस नुसतीच हातात येई.

महिनाभराने एका संध्याकाळी सराव सुरू होण्याआधी तिने स्वतःच बॅट माझ्यापुढे धरली. "ताई, ओढून बघा." मी ओढली. बॅट थोडी हलली आणि थांबली. तिच्या अंगठ्याचे नख गुलाबी होते.