'तुमच्यासाठी बघू काहीतरी'

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी हे माझं काम. नारायण पेठेतल्या घरी बसून करते. गिऱ्हाईक बहुतेक अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचं: छोटे प्रकाशक, क्लासवाले, स्वखर्चाने आत्मचरित्र काढणारे निवृत्त साहेब. काम कधी कमी पडलं नाही, पैसे मात्र कधीच पुरले नाहीत.

'बाजारच तसा आहे' हे खोटं नव्हे. पण मी पानाला ४० रुपये घेत होते तेव्हा त्याच चौकात ६०-७० घेणारे होते, आणि तेही रिकामे बसलेले नव्हते. माझी गोची वेगळीच होती. कुणी दर विचारला की आकडा सांगायचा आणि समोरचा 'हं' म्हणायच्या आत आपणच जोडायचं, "पण तुमच्यासाठी बघू काहीतरी." त्याने घासाघीस केलेलीच नसायची! वडील शिक्षक. शिकवणीची फी पालक पाकिटात घालून टेबलावर ठेवायचे आणि ते जिना उतरेपर्यंत बाबा पाकिटाला हात लावत नसत. ते वळण अंगात मुरलेलं.

मग मी वहीत कामाचे तास लिहायला लागले. क्लासचं गणिताचं पुस्तक होतं. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाइल आताच्या युनिकोडमध्ये आणली की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, अपूर्णांक एकेक करून पुन्हा बसवावे लागतात. पानाला सहज अर्धा तास. म्हणजे तासाला ८० रुपये, त्यातून वीज आणि सॉफ्टवेअरचं भाडं जायचं. तिसरं, चौथं प्रूफ फुकटच. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा हिशोब माझ्यापेक्षा बरा निघाला. आणि त्या दरवर्षी दिवाळीनंतर "ताई, पुढच्या महिन्यापासून दोनशे वाढवा" एवढंच म्हणतात आणि पोळी लाटत राहतात. महागाई नाही, मुलाची फी नाही, काही नाही. बोलायची पाळी आपली.

तेच करायचं ठरवलं. दर कागदावर लिहून तो फोनजवळ चिकटवला, अगदी पुणेरी पाटीच्या थाटात: पानाला ६५. दुरुस्त्या दोन प्रुफांपर्यंत, पुढे वेगळे पैसे. निम्मी रक्कम आगाऊ. फोनवर वाचून दाखवायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड गेलं. पहिल्या प्रकाशकांच्या मागे छापखान्याचं मशीन खडखडत होतं, त्यांनी कुणाला तरी चहा सांगितला, आणि मी दातांखाली जीभ धरून बसलेली. शेवटी म्हणाले, "चालू कामालाही?" मी म्हटलं, "नाही, नव्या कामापासून." "बरं." झालं! दुसरे एक मात्र "वा, तुम्हीही धंदेवाईक झालात" म्हणाले आणि गेले ते गेलेच. ते लागलं. दोन रात्री त्यांना मेसेज लिहून पुसला.

उधारीचं दुखणं कायद्याने हलकं केलं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, आधारवर होते आणि मोफत असते. एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार आपल्यासारख्या छोट्या सेवा देणाऱ्यांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा करता येत नाही. हे त्यांच्या सीएला बरोबर कळतं. मी बिलावर फक्त उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापते. व्याज अजून कुणाकडे मागितलेलं नाही, पण 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणारे कमी झाले. 'पैसे कधी देताय?' असं विचारताना माझा आवाज बसायचा. आता ते काम छापील तारीख करते.

नातेवाइकांपुढे मात्र माझी पाटी चालत नाही. मुंजीच्या पत्रिका फुकटच होतात. एक प्रूफ मिळेल, एवढं मात्र आत्याला आधीच सांगितलंय.