तीन चौकोन, सहा चमचे

रविवार, रात्रीचे साडेअकरा

खोटं कशाला लिहू, चॉकलेटचे तीन चौकोन खाल्ले. पहिला ठरवून. दुसरा, पहिल्याची चव नीट कळली नाही म्हणून. तिसरा उभ्या उभ्या, फ्रिजचं दार उघडं धरून. चौथ्याकडे हात गेला आणि फ्रिज पीं पीं करायला लागला. दार जास्त वेळ उघडं राहिलं की बोंबलतो मेला. कुणी जागं झालं नाही. तरी मी कागद असा दुमडून ठेवला की सकाळी बघणाऱ्याला वाटावं, एकच तुकडा गेलाय. एक्कावन्नाव्या वर्षी ही कारागिरी.

चॉकलेट भाचीने आणलंय. ती दुबईला नोकरीला आहे, त्यामुळे अस्सल तिथलंच. वर चॉकलेट, आत पिस्त्याचा हिरवागार लगदा आणि त्यात काहीतरी कुरकुरीत. तिने सगळी कथा सांगितली. २०२१ मध्ये तिथल्या सारा हमूदा नावाच्या बाईला गरोदरपणात काहीबाही खावंसं वाटायचं, त्यातून ही वडी निघाली. मग २०२३ च्या डिसेंबरात एकीने गाडीत बसून ती खाल्ल्याचा व्हिडिओ टाकला आणि जगभर गहजब झाला. आमच्याकडे डोहाळे पुरवतात, तिकडे त्याचा धंदा झाला.

ते कुरकुरीत म्हणजे कतायफी, पिठाच्या बारीक तारा. कुनाफा नावाच्या अरबी मिठाईत घालतात ती. दाताखाली आली तेव्हा मला आजीच्या खाटेवर वाळत घातलेल्या शेवया आठवल्या. तुपावर बदामी रंगाच्या परतल्या की खीर होण्याआधी आम्ही त्या अशाच मुठीने पळवायचो. अगदी तोच आवाज. फक्त तेव्हा पळवताना पकडलं तर पाठीत धपाटा बसायचा आणि विषय संपायचा. आत्ता मला धपाटा घालणारं कुणी नाही, म्हणून बहुतेक मी लिहीत बसले आहे.

फ्रिजच्या दारावर ह्यांचा रिपोर्ट लावलाय. महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या चुंबकाखाली. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. डॉक्टर म्हणाले, उंबरठ्यावर आहात. २०२३ मध्ये आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशभरची पाहणी आली होती, तिच्यात मधुमेही १० कोटींच्या वर आणि असे उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटींच्या वर निघाले. म्हणजे उंबरठ्यावर चिक्कार गर्दी आहे आणि त्या गर्दीत आमचे हे, मोरीच्या पायपुसण्यावर उभे राहिल्यासारखे. तो रिपोर्ट वाचण्याच्या अंतरावर होता आणि मी चॉकलेट खात होते.

आमच्या भिशीतलं सांगायचं तर हे खाण्याआधीचं कबुलीजबाबाचं प्रकरण आता रीतच झालीय. केकचा बॉक्स उघडला की पहिला घास जायच्या आधी प्रत्येकीने काहीतरी म्हणायचंच. ‘आज चीट डे हं माझा.’ ‘अगं एवढुस्सा, बास बास.’ ‘उद्या दहा हजार पावलं.’ आणि मग सगळ्या मिळून बॉक्स कोरडा ठाक. पदार्थ तेवढे बदलतात. आधी चॉको लाव्हा होता, मग रेड वेल्वेट, मग ते बिस्किटाचं लोणी लावलेलं चीजकेक, मग रसमलाईचा त्रेस लेचेस. (आपल्या रसमलाईला स्पॅनिश सासर मिळालं. तीन दुधांचा केक म्हणे. आमच्याकडे एकाच दुधाचे दहा प्रकार होतात, पण ते असो.) यंदा गणपतीत कोपऱ्यावरच्या दुकानात पिस्ता-कुनाफा मोदकही आले होते. मी घेतले नाहीत, पण नमुन्याचा तुकडा दोनदा घेतला.

मागच्या भिशीत एकीने ‘गिल्ट-फ्री’ म्हणून खजुराचे लाडू आणले. चव छान होती. पण खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, हे तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘अगं पण नैसर्गिक.’ गुळाचंही तेच. गुळाला आपण फारच सोवळ्यात ठेवलंय. रक्तात गेल्यावर तो काही वेगळ्या रांगेत उभा राहत नाही.

आईच्या वेळी मामला उलटा होता. पाडव्याचं श्रीखंड, जेवढा चक्का तेवढी साखर, वर केशर. अपराधी वाटायचं ते वाढणारीला, पाहुणा कमी जेवला तर. पानावर बसलेल्याने ‘नको’ म्हणायचं, वाढणारीने ‘एवढी तरी’ म्हणत पोळी टाकायची, वर तुपाची धार. ‘नको’ला काही किंमतच नसायची. पण मी त्याचे गोडवे गाणार नाही. बाबांना साखर निघाल्यावरही आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी त्यांच्या पानात जिलबी टाकून ‘एकाने काय होतंय’ म्हणायचंच, आणि बाबांना नाही म्हणता यायचं नाही. शिवाय तेव्हा श्रीखंड वर्षातून दोनदा व्हायचं. आता मंगळवारी रात्री दहा वाजता दहा मिनिटांत केक दारात येतो आणि आग्रह करायला समोर कुणी नसतं. आपणच वाढायचं, आपणच नको म्हणायचं, आपणच ऐकायचं नाही.

झोप येईना म्हणून हिशेब केला. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची सूचना अशी की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणखी कमी करून ५ टक्क्यांच्या आत आणली तर उत्तम. म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. रात्री बारा वाजता. तीन चौकोनांएवढा तुकडा ठेवला: ३१ ग्रॅम. वेष्टनावर १०० ग्रॅमला ४४ ग्रॅम साखर लिहिली होती. म्हणजे चौदा ग्रॅमच्या आत. सव्वातीन चमचे म्हणा.

मग एकदम चहा आठवला. सकाळी एक, अकराला ऑफिसात एक, संध्याकाळी एक. प्रत्येकात दोन चमचे. सहा. रोज. लग्नाआधीपासून. दुबईचं नावही घ्यायच्या आत माझा कोटा संध्याकाळच्या चहालाच संपलेला असतो, आणि त्या सहा चमच्यांबद्दल मला आजवर एकदाही काही वाटलेलं नाही. चहा घेताना कुणी दार लोटून घेतं का? कुणी म्हणतं का, आज चीट डे? चहाचा कप चारचौघांत असतो, कामाचा असतो, थकल्याचा असतो. चॉकलेट नुसतं आवडीचं असतं.

मोजायला काढलेला तुकडा परत ठेवला नाही, हेही लिहून ठेवते. सहा चौकोन.

आता बाबांचं लिहायला हवं, खरं तर त्यासाठीच वही काढली. दिवाळीत साताऱ्याला गेले होते. त्यांचा स्वेटर धुवायला घेतला तर खिशात पुडीचा कागद, तूप लागून पारदर्शक झालेला, कोपऱ्यात तपकिरी चुरा. वास घेतला. कंदी पेढा. खवा खरपूस भाजल्याचा तो वास साताऱ्याच्या माणसाला झोपेतही कळेल. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, मधुमेहाची वीस वर्षं, आणि फिरायला जातो सांगून बाजारात जाऊन एक पेढा घेऊन येताना वाटेत खातो. मी केवढी बोलले त्यांना. ‘लहान आहात का? चोरून खाता?’ ते काही बोलले नाहीत. स्वेटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बादलीत टाकला.

मला राग पेढ्याचा आला नव्हता, त्या कागदाच्या घडीचा आला होता. इतकी नीट, बारीक, चार पदरी घडी. आज मी चॉकलेटचा कागद दुमडला तो अगदी तस्साच.

सोमवार, सकाळ

चहात दीड चमचा घातला. पांचट लागला. प्यायले.

साडेआठला बाबांचा फोन, नेहमीप्रमाणे.

‘उपाशीपोटी किती आली?’

‘एकशे अठ्ठावन्न.’

‘बाबा! काल काय खाल्लंत?’

‘काही नाही. भाकरी, मेथी. तू काय खाल्लंस? आवाज बसलाय.’

‘काही नाही. जागरण झालं जरा.’

मग दोघंही थोडा वेळ गप्प. त्यांच्याकडून काहीतरी चघळल्याचा आवाज येत होता. बडीशेप असेल.