टोपीचं ऐक की

लेकीच्या शाळेत यंदा जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' शिकवायला घेतलीय. तिच्यासाठी माळ्यावरून माझी बी.ए.ची प्रत काढली. पानं पिवळी पडलीत, पण दारूच्या गुत्त्यातल्या प्रसंगाशेजारी मी मारलेली पेन्सिलीची फुली अजून ठसठशीत दिसते.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सरकारी खात्यात बसून जुनी वर्तमानपत्रं बदलतो. कालचं छापलेलं आज अडचणीचं झालं की मूळ कागद भट्टीत. क्रांतीआधीचं जगणं खरोखर कसं होतं, हे विचारायला तो ऐंशीच्या एका म्हाताऱ्याला गाठतो, बिअर पाजतो. म्हातारा सांगतो उंच हॅटांचं. मेहुणीच्या मयताला त्याने एक भाड्याने आणली होती म्हणे. विन्स्टन वैतागतो, याच्या डोक्यात नुसता तपशिलांचा उकिरडा आहे, असं त्याला वाटतं. आमच्या नोट्समध्ये याचं उत्तर तयार होतं: सामान्य माणसाला इतिहास आठवत नाही. तेवढं पाठ केलं की मार्क मिळायचे.

माझी आजी सोलापुरात अशोक चौकाजवळ विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पानं आणि तंबाखू, हात चालू तसं तोंडही चालू. १२ मे १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिलं, हे मी वाचून शिकले. आजीकडे होती ती टोपी. तिचे वडील गिरणीत होते. डोक्यावर गांधी टोपी दिसली की गोरे शिपाई धरतात, म्हणून त्यांच्या आईने ती ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवली होती.

विन्स्टन ज्याला उकिरडा म्हणतो, तो हाच. म्हणून ती फुली.

राग जास्त येतो, कारण ऑर्वेलला हे माहीत होतं. १९३६ मध्ये तो उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या वस्तीत राहून आला होता, खाणीत उतरला होता. तरी या कादंबरीत देशातली ८५ टक्के माणसं, म्हणजे सगळे कष्टकरी, गाणी, लॉटरी आणि बिअर यांतच रमलेली. आशा असलीच तर त्यांच्यातच, असं विन्स्टन वहीत लिहितो, पण गुत्त्यातल्या त्या म्हाताऱ्याचं नावही तो विचारत नाही.

आणि तरी हे पुस्तक मी रद्दीत घालू शकले नाही. खिडकीखाली लंगोट वाळत घालणारी ती जाडजूड बाई, यंत्राने रचलेलं भिकार गाणं स्वतःच्या गळ्याने सुंदर करून गाणारी. शेवटी शेवटी विन्स्टनला ती देखणी वाटते, आणि पुढच्या काही क्षणांत त्याला पकडतात. ते पान आजही मला सलग वाचवत नाही. तिथे ऑर्वेलने पाहिलंय, नीट पाहिलंय.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी आजीला विचारलं होतं, १९३०चा सोलापुरातला गोळीबार नेमका कुठे झाला, किती तारखेला, तुझे वडील मोर्चात होते का? ती म्हणाली, "तारखा तुझ्या पुस्तकात हायत की गं. तू टोपीचं ऐक की." मी वही मिटली आणि अभ्यासाला उठले.

ती टोपी कणगीतून परत कधी काढली, कुणी घातली, हे तिच्याकडून ऐकायचं राहिलं.