मंगळवार सोडून

माझं काम म्हणजे दिवसभर लोकांची बोटं धरून बसणं. मुंबईला केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपी शिकले, लग्नानंतर इकडे कॅलिफोर्नियात आले, पुन्हा परीक्षा दिल्या, निव्वळ हाताच्या पेशंटचे 4,000 तास भरले आणि हँड थेरपिस्ट झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला आमचं क्लिनिक आहे. येणारे बहुतेक सुतार, स्वयंपाकी, आणि टायपिंग करून मनगटं धरलेली कॉम्प्युटरवाली मंडळी. त्यात आपली माणसं भरपूर.

तो ऑक्टोबरात आला. नाव सांगणार नाही, टीमही नाही. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वाइड रिसीव्हर’. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि हा लांब पळत जाऊन तो झेलतो, एवढीच माझी तेव्हा अक्कल. दुखणं मात्र ओळखीचं होतं. उजव्या हाताचं मधलं बोट, मॅलेट फिंगर. चेंडू बोटाच्या टोकावर सरळ आदळला की शेवटचं पेर ताठ धरणारा टेंडन तुटतो, कधी हाडाचा कपचा घेऊन निघतो. पेर मान टाकतं. दुखतं फारसं नाही, हीच खरी पंचाईत.

आमच्या दादाचं तेच झालं होतं. आझाद मैदानावर स्लिपमध्ये झेल घेताना. आईने आंबेहळदीचा लेप लावला, सूज उतरली आणि विषय संपला. आज पन्नाशीत दादा चहाचा कप धरतो तेव्हा ते पेर अजून खाली बघत असतं.

इलाज साधा आहे आणि महाकंटाळवाणा. शेवटचा सांधा सरळ ठेवून स्प्लिंट, म्हणजे बोटाला आधार देणारा प्लास्टिकचा साचा, लावायचं, सलग 6 ते 8 आठवडे, रात्रंदिवस. धुवायला काढलं तरी बोट टेबलावर सपाट टेकवूनच. मध्ये एकदा जरी पेर वाकलं तरी मोजणी परत पहिल्या दिवसापासून. हे मी प्रत्येक पेशंटला तीनदा सांगते. त्याला चारदा सांगितलं, कारण तो सारखा विचारत होता की स्प्लिंट ग्लोव्हच्या आत मावेल इतकं पातळ करता येईल का.

अपॉइंटमेंटच्या वेळी रिसेप्शनवर म्हणाला, “कुठलाही वार द्या, मंगळवार सोडून.” मला वाटलं, घरचं काही व्रतबित असेल. आपल्याकडे नसतं का!

पुढचे तीन आठवडे शहाण्यासारखा आला. मी मोजमापं घ्यायची, तो बोलायचा. त्याच्याकडून कळलं की रिसीव्हर मॅचभर बहुतेक वेळ रिकाम्या हाताने पळतो. कुठे किती पावलं जायचं आणि कुठे वळायचं याला आकडे असतात. सम आकडा म्हणजे साधारण आत मैदानाच्या मध्याकडे, विषम म्हणजे बाहेर रेषेकडे, 9 म्हणजे सरळ सुसाट. दहा वेळा जीव खाऊन पळावं तेव्हा एखाद्या वेळी चेंडू आपल्याकडे येतो, तोही पाऊण शेर वजनाचा नसला तरी चारशे ग्रॅमचा, ताशी 80-90 किलोमीटर वेगाने, आणि फिरत. क्रिकेटचा चेंडू 160 ग्रॅमच्या आसपास असतो, पण तो निदान गोल असतो.

एकदा त्याने माझ्याकडे तो चेंडू हळूच फेकला. मी आपली क्रिकेटची ओंजळ केली, चेंडू निसटून सिंकमध्ये गेला. त्याने दाखवलं की कमरेच्या वर आला तर दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जुळवून त्रिकोण करायचा, खाली आला तर करंगळ्या जुळवायच्या. चेंडूचं टोक त्रिकोणातून बघायचं. “हात नंतर. आधी डोळे.” लॅरी फिट्झजेराल्ड या नावाजलेल्या रिसीव्हरचे आजोबा शिकागोत डोळे तपासायचे आणि नातवाकडून लहानपणी नजरेचे व्यायाम करून घ्यायचे, हेही त्यानेच सांगितलं. त्या नातवाने पुढे एकाच टीमकडून 17 हंगामांत 1,432 झेल घेतले.

माझ्या धंद्याला सगळ्यात लागू पडली ती जेरी राइस या दुसऱ्या रिसीव्हरची गोष्ट. मिसिसिपीतल्या गवंड्याचा मुलगा. सुट्टीत वडिलांच्या हाताखाली कामाला. भाऊ खालून विटा फेकायचे, हा वर त्या झेलायचा. 1985च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, त्याचा नंबर सोळावा लागला आणि निवृत्त झाला तेव्हा नावावर 1,549 झेल आणि त्यांतून मिळवलेलं 22,895 यार्ड अंतर होतं. यार्डांत अजून कोणी त्याच्या जवळपास नाही. तो ज्या टेकडीवर पळायचा ती एजवूड पार्कची टेकडी आमच्या क्लिनिकपासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. वसंतात आम्ही तिथे रानफुलं बघायला जातो आणि निम्म्यात बसून पोहे खातो. माझा पेशंट दर शनिवारी तीच टेकडी चढत होता, स्प्लिंट लावून.

मग नोव्हेंबरातला तो बुधवार. वेळ नव्हती तरी सकाळी साडेआठला दारात उभा. स्प्लिंट खिशात आणि मधल्या बोटाचं पेर खाली. सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर लावला, 40 अंश वाकलेलं. पहिल्या दिवशी होतं 35.

मी चिडले. मराठीतच काहीतरी पुटपुटले, मग विचारलं, “कधी काढलंस?”

“काल. चाळीस मिनिटं.”

मंगळवार! तेव्हा उलगडा झाला. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, रविवारी सामने होतात, मंगळवारी खेळाडूंना सुट्टी, आणि कोणी जायबंदी झालं असेल तर टीम त्याच दिवशी कुठल्याच टीममध्ये नसलेल्या मुलांना चाचणीसाठी बोलावून घेते. चार-पाच रिसीव्हर, एक मैदान, पाऊण तास. कोच वहीत लिहितात आणि संध्याकाळपर्यंत फोन येतो किंवा येत नाही. सोमवारी रात्री त्याच्या एजंटचा फोन आला होता. बोटाला प्लास्टिक दिसलं की वहीत ‘जायबंदी’ लिहून मोकळे, म्हणून याने काढून खिशात टाकलं.

पाणी तापत ठेवलं. नवीन स्प्लिंटला प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करतात, बोटावर बसवतात आणि तो घट्ट होईपर्यंत मी बोट सरळ धरून बसते. तीन-चार मिनिटं. दोघांनाही हलता येत नाही. पेशंट मनातलं बोलतात ते बहुतेक याच मिनिटांत.

ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत त्याला कोणी घेतलं नव्हतं. नंतर फोन आला, 90 जणांच्या कॅम्पमध्ये गेला. ऑगस्टअखेर 90चे 53 करतात, त्यात गळला. मग सराव पथक, म्हणजे आठवडाभर समोरच्या टीमचा रिसीव्हर असल्याचं सोंग करून आपल्याच लोकांना सराव द्यायचा आणि रविवारी साधे कपडे घालून बघायचं. कधी वर घ्यायचे, कधी काढायचे. तीन वर्षांत तीन शहरं. सामान दोन बॅगांत.

“एनएफएलचं पेन्शन माहितीये?” त्याने विचारलं.

माहीत असायचं काही कारण नव्हतं. पेन्शन पक्कं व्हायला तीन हंगाम मोजणीत यावे लागतात आणि हंगाम मोजणीत यायला त्या वर्षी निदान तीन सामने पूर्ण पगारावर टीममध्ये असावं लागतं. ही तीन वर्षं भरताना सराव पथकातले आठवडे धरत नाहीत. त्याचे दोन हंगाम भरलेले. या वर्षी सप्टेंबरात दोन सामने झाले आणि नारळ मिळाला. राहिला एक. चेंडू नाही मिळाला तरी चालेल, फक्त यादीत नाव हवं. आणि बोट मोडलं ते कुठल्या टीममध्ये असताना नव्हे, घराजवळच्या शाळेच्या मैदानावर मित्राबरोबर सराव करताना. त्यामुळे उपचाराचा खर्चही त्याचाच.

आमच्या सरकारी नोकरीतल्या काकांनी दहा वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते म्हणून खडूस साहेबाखाली कसे दिवस काढले होते ते मला आठवलं. त्याला सांगितलं नाही, समजावून सांगायला वेळ लागला असता.

“झेल किती सुटले?” मी विचारलं.

“एकही नाही.” मग जरा थांबून, “फोन आला नाही. माझ्याहून दोन इंच उंच मुलगा घेतला.”

प्लास्टिक गार झालं होतं, तरी मी बोट लगेच सोडलं नाही. इंडियानापोलिसला दरवर्षी निवड-चाचणी होते. तिथे अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा ताणून मोजतात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. हा हात तिथपर्यंतही पोचला नव्हता, त्याला तिकडचं बोलावणंच नव्हतं. मी गंमत म्हणून आमच्या पट्टीने मोजला. पावणेदहा इंच. “हे कोणी लिहून घेतलं नाही,” तो म्हणाला आणि हसला. मी आमच्या चार्टवर लिहिलं. उपचाराशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग हिशेब सांगावा लागला. आजपासून 6 आठवडे म्हणजे डिसेंबरचा शेवट, आणि त्यानंतरही लगेच झेल नाहीत. नियमित हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला संपतो. मी तारखा बोलत होते, पण त्याचा हिशेब माझ्या आधीच झालेला असावा. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत नव्हता, बोटाकडे बघत होता.

“आणि परत फोन आला तर?” त्याने विचारलं.

खरं तर मी म्हणायला हवं होतं की काढू नकोस. पेर कायमचं वाकडं राहील, मधला सांधा उलटा ताणला जाऊन बोटाचा हंसाच्या मानेसारखा आकार होईल, वगैरे. हे सगळं मी त्याला आधी सांगितलेलंच होतं. मी म्हणाले, “तुझं बोट आहे.” थेरपिस्ट म्हणून हे उत्तर बरोबर नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

चार्टवर ‘दिवस 1’ लिहिलं. तो जॅकेट घालून रिसेप्शनकडे गेला. आमची रिसेप्शनिस्ट त्या आठवड्यात नवीन होती, तिला त्याची अट माहीत नव्हती. स्क्रीनवर बघत म्हणाली, “पुढच्या आठवड्यात फक्त मंगळवारी दहाची वेळ आहे.”

मी आतून तिला खूण करणार होते. तो क्षणभर थांबला.

“मंगळवार चालेल,” म्हणाला.