मुद्दाम शिळी केलेली पोळी

घट बसायच्या चार दिवस आधीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा काळ मला वर्षात सगळ्यात जास्त आवडतो. हे मी चारचौघांत बोलत नाही, कारण त्यातला निम्मा काळ ऑक्टोबर हीटचा आणि तिला सगळे शिव्याच घालतात. घालोत बापडे. पावसाळाभर कुबट वास धरून बसलेली अंथरुणं-पांघरुणं वाळवायला त्याच्यासारखं ऊन नाही. गावाकडे दसरा काढतात तेव्हा घरातली एकूण एक वाकळ नदीवर नाहीतर विहिरीवर जाते, दगडावर आपटून धुतली जाते आणि बांधावर पसरली जाते. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे हाच कार्यक्रम टबात पायांनी तुडवून आणि गच्चीच्या कठड्यावर वाळत घालून होतो. ओली गोधडी दोघांनी उचलली तरी कंबर बोलते, पण संध्याकाळी ती खडखडीत वाळलेली असते आणि तिला नुसत्या उन्हाचा वास येतो. त्या वासाची अत्तरं का निघत नाहीत कोण जाणे.

दिवाळी झाली की हवा पालटते. पहाटे कुणीतरी उठून पंखा बंद करतं, साडेसहालाच दिवे लावावे लागतात, आणि घरात दोन उद्योग सुरू होतात. डब्यांचे तळ संपवणं हा एक आणि बसल्या बसल्या हातांनी काहीतरी करत राहणं हा दुसरा.

डब्यांच्या तळाशी काय काय सापडतं! चकलीचे तुकडे, शेवेचा भुगा, चिवडा संपल्यावर उरणारं ते तिखट-मीठ-साखर-खोबऱ्याचं हळदुलं मिश्रण. आमच्याकडे या आठवड्यात जी मिसळ होते तिची कृती लिहून ठेवता येत नाही, कारण ती कुठल्या डब्यात काय उरलं यावर ठरते. मटकीला मोड आणायचे, कट जरा सढळ हाताने करायचा आणि वर सगळे तळ ओतायचे, एवढंच नक्की. चिवड्याखालचं ते मिश्रण मात्र मिसळीत घालू देत नाही मी. ते पातळ पोह्यांना चोळायचं, वर कच्चा कांदा आणि लिंबू. दुपारी चार वाजता, घरात कुणी नसताना.

पण या मोसमातला माझा खरा जीव फोडणीच्या पोळीवर. उन्हाळ्यात रात्रीची पोळी सकाळपर्यंत आंबूस होते की काय अशी धाकधूक असते. थंडी पडली की पोळ्यांचा डबा निर्धास्तपणे ओट्यावर राहू शकतो. फोडणीच्या पोळीला पोळी शिळीच लागते, आणि हे उगाच नाही. ताजी पोळी कुस्करून बघा, बोटांना चिकटणारा लगदा होतो. भाजताना फुगलेला गव्हातला स्टार्च गार होता होता पुन्हा घट्ट होतो, पोळी कोरडी पडते आणि मग सकाळी तिचे नीट सुटे तुकडे पडतात. शिळ्या भाताचंही तेच. गरम भाताला फोडणी दिली तर खिचडीची गरीब बहीण तयार होते. तर पोळी हातानेच कुस्करायची. मिक्सरमध्ये घालणाऱ्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्याकडे मी ती खात नाही. हाताने केली की काही तुकडे मोठे राहतात, काहींचा चुरा होतो. चुरा तळाला लागून खरपूस होतो आणि मोठे तुकडे ताकाचा हबका पिऊन मऊ. शेंगदाणे, भरपूर कढीपत्ता, कांदा, चिमूटभर साखर. झाकण ठेवून एक वाफ, आणि मग झाकण काढून दोन मिनिटं उगाच. ती शेवटची दोन मिनिटं महत्त्वाची, तळ तिथे होतो.

आता गंमत अशी की आमच्याकडे पोळ्या उरतच नाहीत. माणसं चार, आणि कोण किती खाणार ते पाठ. त्यामुळे मी शनिवारी रात्री सहा पोळ्या जास्त लाटते. रविवारी सकाळी त्या शिळ्या व्हाव्यात म्हणून. कणीक जास्त, गॅस जास्त, वेळ जास्त, आणि वर आपण मोठ्या काटकसरी गृहिणी असल्याचं समाधान. मी एकटीच असं करते असं वाटत होतं, पण ओळखीच्या निम्म्या घरांत हाच प्रकार चालतो.

माझं हे काटकसरीचं कौतुक सासूबाई बरीच वर्षं गप्प बसून ऐकत होत्या. त्यांचं माहेर माणदेशातलं. १९७२च्या दुष्काळात त्या शाळेत होत्या आणि त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. अशा कामांवर लाखो माणसं राबली, आणि पुढे १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. एकदा मी तूप कढवल्यावर पातेल्याला लागलेली बेरी कणीक टाकून परतत होते. पातेलं पुसून निघतं, कणकेला खरपूस तुपाचा वास लागतो, त्यात गूळ घातला की वड्या होतात. मी म्हटलं, “जुन्या बायका काय हुशार होत्या ना आई, कण वाया घालवायच्या नाहीत.” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “एवढं जुनं करतेस, तर मिलोची भाकरी कर की एकदा.”

मिलो म्हणजे त्या वर्षांत अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. पिठाला विरी नाही, भाकरी थापताना तडे जायचे, तव्यावर टाकेपर्यंत निम्मी हातात. रंग लालसर, आणि चवीबद्दल त्या नुसता हात झटकतात. कामावर सुकडी मिळायची, तिचं नाव काढलं तरी त्यांना आजही घशाशी येतं. मिलोची भाकरी कुणी हौसेने करत नाही. तिचा महोत्सव भरत नाही, ‘आजीच्या हातची चव’ म्हणून तिचा फोटो कुणी टाकत नाही.

तेव्हापासून मला एक नाद लागला आहे. काटकसरीचा कुठलाही जुना पदार्थ दिसला की मी विचारते, हा का टिकला? फोडणीची पोळी टिकली कारण ती चविष्ट आहे. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाईचं कौतुक म्हणीत राहिलं, पण कोंड्याचा मांडा काही कुणी मागून दुसऱ्यांदा खाल्ला नसणार. चार पैसे हातात आले त्या दिवशी माणसांनी नावडतं होतं ते सगळं सोडून दिलं आणि आवडतं तेवढं ठेवलं. आम्ही त्या उरलेल्या चार-दोन पदार्थांकडे बघून म्हणतो, वा, कसला साधा आणि सुंदर जमाना होता! सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव असतात ते मला आता ओळखू येतात.

हातकामाचंही असंच झालं आहे. शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी बसवून द्यायचा. चादर मधोमध विरली की उभी फाडायची आणि धडधाकट राहिलेल्या कडा मध्ये घेऊन जोडायच्या. चादर अजून दोन वर्षं चालायची, फक्त शिवण नेमकी पाठीच्या कण्याखाली यायची. माझ्या लहानपणी घरात अशी एक चादर होती आणि ती पाहुण्यांना देत नसत. यातलं काहीही आता कुणी करत नाही, कार्यशाळा घेऊन तर मुळीच शिकवत नाही. गोधडी तेवढी राहिली.

ती सध्या आमच्या दिवाणखान्यात पसरली आहे. खेड्यात हे काम बहुतेक उन्हाळ्यात, शेतं मोकळी असताना व्हायचं. आम्हा शहरातल्यांना थंडी वाजायला लागल्यावर आठवतं. खाली जुनं लुगडं, मध्ये धोतराची पानं आणि विरलेल्या चादरी, वर पुन्हा लुगडं, चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड. आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि मुलाची डिक्शनरी. आधी लांब टाके घालून सगळे थर टाचून घ्यायचे, मग कडेपासून धावदोरा घालत, फेऱ्या मारत आत आत यायचं. सासूबाई गोधडीवरच बसतात आणि शिवता शिवता मागे सरकतात. त्यांचे टाके साबुदाण्याएवढे, माझे त्यांच्या शेजारी ओळखू येतात. टाके जवळ असले की आतलं कापड धुताना गोळा होत नाही; ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. अगदी मधोमध पोचल्यावर शेवटचं तोंड शिवायच्या आधी त्या भाकरीचा वाळका तुकडा आणि हळद-कुंकू आत सारतात. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. मुंग्या लागतील असं नवऱ्याचं दरवर्षीचं म्हणणं, आणि दरवर्षी ते कुणी ऐकत नाही.

खरी अडचण कापडाची आहे. वीस-वीस वर्षं नेसून, धुऊन लोण्यासारखी झालेली सुती लुगडी आता आणायची कुठून? माझ्या कपाटात आहेत त्या सिंथेटिक साड्या. त्यांची गोधडी रात्रभर अंगावरून घसरत राहते आणि घाम शोषत नाही. टी-शर्टांचं कापड ताणतं, टाका धरत नाही. सासूबाईंच्या तीन सुती साड्या अजून बऱ्या आहेत, त्या नेसतातही. मी त्यांच्याकडे बघते तेव्हा त्या पदर सावरून बसतात. “अजून दोन वर्षं थांब,” एवढंच म्हणतात.

गोधडीला विश्रांती मिळते ती त्रिपुरी पौर्णिमेच्या आठवड्यात. त्रिपुरवातीला साडेसातशे वाती लागतात. बाजारात तयार पुडकं मिळतं, पण ते आणायची माझी अजून छाती झालेली नाही. कापसातल्या सरकीचे बारीक कण वेचायचे, कापूस हलका पिंजायचा, चिमटीने सूत काढायचं. पहिल्या पन्नासात जीव मेटाकुटीला येतो. मग कधीतरी बोटं आपली आपण चालायला लागतात आणि आपण कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत असतो.

आणि राहता राहिली दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडकं किसणीवर हलकं फिरवायचं, वरच्या शिरा तेवढ्या निघाल्या पाहिजेत. चमचाभर तेलात अगदी मंद आंचेवर परतत बसायचं. घाई केली की बाहेरून काळ्या आणि आतून ओल्या राहतात. पाऊण तासाने वाटीभर शिरांच्या दोन चमचे होतात. त्या कुरकुरीत झाल्या की भाजलेले तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ, साखरेचा एक दाणा. गरम भाकरीवर लोण्याचा गोळा आणि शेजारी ही. घरातली चारही माणसं या चटणीसाठी भांडतात, दोन चमच्यांत कुणाचंच भागत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात मी मंडईतून दोन किलो दोडकी आणली. चटणी पोटभर झाली. सोलून उरलेले दोडके तीन दिवस फ्रिजमध्ये पडून आहेत, कारण आमच्याकडे दोडक्याची भाजी कुणालाच आवडत नाही.