आमची वाटचाल : म्टवाराची बी, वेंगुर्ल्याचा गर

वडिलांनी चुलीवर काजूची बी भाजून कारखाना सुरू केला, मग बॉयलर आला, स्टीम कुकिंग आलं. हे कोकणात सगळ्यांचंच सारखं. आमचं वेगळेपण टांझानियापासून सुरू होतं. आपली बी फेब्रुवारी ते मे. दिवाळी आली की गोदाम रिकामं आणि सोलणीच्या बायका घरी. टांझानियातल्या म्टवाराचे काजूबीचे लिलाव नेमके ऑक्टोबरात सुरू होतात, म्हणून आम्ही तिथली बी आणतो.

म्टवारा म्हणजे टांझानियाचं दक्षिण टोक. खाली रुवुमा नदी, पलीकडे मोझांबिक. पठारावर माकोंडे लोक. जगाला त्यांचं लाकडावरचं कोरीवकाम ठाऊक, आम्हांला त्यांची बी. 2003 साली रुफिजी नदीवर पूल झाला, तोवर पावसाळ्यात हा मुलूख दारेसलाम या मोठ्या शहरापासून तुटायचाच. सत्तरच्या दशकात सरकारने लोकांना उचलून ठरवून दिलेल्या गावांत बसवलं; झाडं मागे राहिली आणि काजूचं पीक घटलं. पुढे भुरी या बुरशीरोगावर गंधक मारायला लागले तेव्हा बागा सावरल्या.

हे सगळं मझेंकडून ऐकलेलं. तिथे वडीलधाऱ्याला मझे म्हणतात, आम्हीही तेच म्हणत आलो. सोसायटीच्या काट्यावर बसण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गोणीच्या तोंडचा नमुना ते कधी घेऊ देत नसत. नळी पोटात घालायची, तीही थप्पीच्या मधल्या गोणीत. किलोभर बिया मोजायच्या, कापायच्या, चांगला गर एकीकडे, डागी दुसरीकडे, पोचट आणि काळा बाद. चांगला गर आणि डागीचं निम्मं वजन मिळून 272 ग्रॅम भरलं की आउटटर्न 48, म्हणजे 80 किलोच्या गोणीमागे 48 पौंड गर. नव्या कारखानदारांना, विचारलं नसलं तरी, सांगतो : पुरवठादाराच्या कागदावरचा आकडा वाचून पैसे सोडू नका. कापून बघा, आणि ओलावा स्वतःच्या मीटरवर मोजा.

आता 2018. त्या ऑक्टोबरात म्टवारातल्या तांदाहिंबा आणि नेवाला इथल्या शेतकऱ्यांनी लिलावातले भाव नाकारले. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष मगुफुलींनी दोन मंत्री काढले, सगळा काजू सरकार 3,300 शिलिंग किलोने घेईल म्हणून जाहीर केलं आणि माल उचलायला लष्कराचे ट्रक पाठवले. शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणावं, तर पुष्कळांचे पैसे महिनोन्महिने आले नाहीत. आणि आमची आगाऊ रक्कम दारेसलामच्या एका पुरवठादाराकडे अडकली. तो फोन उचलेना. इकडे बँकेची पत्रं सुरू.

तेवढ्यात आमच्याच तालुक्यातल्या एका मोठ्या कारखानदाराने (नाव घेत नाही, हे तो वाचणारच) वाशीच्या व्यापाऱ्यांत पसरवलं की आमचा बॉयलर थंड झाला. आमचा बॉयलरवाला फोडला. सोलणीच्या बायकांना उचल देऊन नेलं. ज्यांना वडिलांनी गर ओळखायला शिकवलं, त्यांना! तारण ठेवलेलं घर आणि गावची उरलीसुरली बी यांवर आम्ही तो हंगाम काढला. व्याज अजून आठवतं.

2019 मध्ये सरकारी साठा विक्रीला निघाला. मझेंनी निरोप धाडला, अमुक गोदामाला हात लावू नका, माल ओला आहे. आम्ही लावला नाही. त्या कारखानदाराने घेतला. काय आउटटर्न निघालं ते बाजाराला ठाऊक आहे.

मझेंचंही एक गाऱ्हाणं आहे, आणि ते आमच्याविरुद्धच. 2013 साली म्टवाराचा गॅस पाइपलाइनने दारेसलामला न्यायचा म्हणून तिथे दंगल पेटली होती. ते म्हणतात, "गॅस तिकडे, बी तुमच्याकडे, आमच्याकडे काय?" खरंच आहे, तिथली बहुतेक बी न फोडताच बाहेर जाते. 2021 मध्ये मगुफुली वारले, सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष झाल्या. प्रक्रिया देशातच व्हावी हा आग्रह मात्र कायम.

मुलगा म्हणतो, आपणच तिथे कारखाना काढू, मझेंच्या नातवाला भागीदार घेऊ. मी म्हटलं, आधी घराचे कागद बँकेतून सुटू देत.